माळकऱ्याची मोटार

पुण्याच्या मार्केट यार्डात वस्तूच्या वयाला जी निष्ठुर वागणूक मिळते, तशी ती या शहरात अन्यत्र कोठे मिळत असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पहाटेच्या अंधारात ज्या कोथिंबिरीच्या जुडीवर दोन खरेदीदार एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता बोली चढवीत असतात, तीच जुडी सूर्य कासराभर वर आला की बेवारशी ठरते आणि दुपारच्या आत एखाद्या गाईच्या मुखी पडते. शेवंतीला एका सकाळचे आयुष्य, टोमॅटोला दोन दिवसांचे, आग्रा, इंदूर अथवा तळेगाव येथून आलेल्या बटाट्याला त्याहून काहीसे अधिक. आणि गहू, ज्वारी, हरभरा यांना वर्षभराची सनद असली तरी तीही सोंडकिड्याच्या मर्जीने बहाल झालेली. कालच्या मालाला सूट आणि परवाच्या मालाला झाडूवाला, हा येथील धर्मशास्त्राचा पहिला अध्याय होय, आणि 1957 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात व्यवहार करणारा कोणीही शहाणा माणूस त्याविरुद्ध ब्र काढीत नाही.

अशा या बाजाराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या सोसायटीच्या वाहनतळात 1969 साली कारखान्याबाहेर पडलेली एक फियाट 'डिलाइट' मोटार उभी असते, आणि तिचे धनी हे या बाजारातल्याच भुसार विभागातील एक जुने आडते आहेत, हे ऐकून अनोळखी माणूस प्रथम हसतो. शेठजींना गाळ्यावर बसलेले ज्याने पाहिले आहे त्याचे हसू तर लवकर थांबत नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून काढलेली मूठभर तूर तळहातावर घेऊन ती कोणत्या हंगामाची, कोठल्या वखारीत किती पावसाळे खाऊन आलेली आणि शेतकऱ्याने वरच्या थराला कोणती मखलाशी केलेली, हे ते चष्मा न लावता सांगतात. आणि एकदा सांगितले की मग तूर कोणाच्या वाडवडिलांच्या जमिनीत पिकली वगैरे भावनिक तपशिलाचा भावावर यत्किंचितही परिणाम होऊ देत नाहीत. तोच मनुष्य संध्याकाळी घरी आल्यावर त्या मोटारीच्या टपावरून पंचा फिरवताना असे काही पुटपुटतो की, ते हरिपाठातले असावे असे वाटून आम्ही शेजारी पाच पावले दूर उभे राहतो.

ही मोटार शेठजींच्या तीर्थरूपांनी घेतली तेव्हा भुसार बाजार गुलटेकडीवर आलेला नव्हता. तो नाना पेठेत आणि भवानी पेठेत होता, आणि मोटार ही दुकानात जाऊन घेण्याची वस्तू नसून अर्ज करून, रक्कम भरून, पावती तिजोरीत ठेवून आणि नंतर तिचा विषय शक्यतो न काढता मिळवण्याची वस्तू होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवीत असे, कलकत्त्याकडे हिंदुस्थान मोटर्स ॲम्बॅसडर बनवीत असे, मद्रासेत स्टँडर्ड तयार होई, आणि या त्रयीपलीकडे नजर टाकणे हा परकीय चलनाशी केलेला द्रोह समजला जाई. नोंदणी करणाऱ्याच्या हयातीत मोटार दारी आली तर ते त्याचे पूर्वसुकृत, न आली तर पावती वारसाहक्काने चिरंजीवांकडे जावयाची. शेठजींच्या तीर्थरूपांचे पूर्वसुकृत बलवत्तर होते. मोटार आली, आणि तिच्या मागच्या बैठकीवर बसून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आळंदीस जाऊन माउलींच्या समाधीचे दर्शन. तेव्हापासून प्रत्येक वद्य एकादशीस ती मोटार आळंदीला जाते, आणि घराण्यातील तुळशीची माळ मोटारीच्या आरशाला लटकलेली नसली तरी शेठजींच्या लेखी मोटार माळकरीच आहे.

येथे एका प्रमादाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो शेठजींच्या समोर केल्यास किमान पाऊण तासाची शिक्षा ठरलेली आहे. जुन्या फियाटीला पुण्यामुंबईकडे 'डुक्कर फियाट' म्हणण्याची जी वहिवाट आहे, ती या मोटारीस लागू नाही. डुक्कर ही 1954 च्या सुमाराची, फुगीर अंगाची आणि पुढचे दरवाजे उलट्या दिशेने उघडणारी. ही 1964 साली अवतरलेल्या डिलाइट घराण्यातली, दरवाजे सुलट, मडगार्डे सडसडीत. पुढे 1974 साली याच मोटारीला चितोडच्या पद्मिनी राणीचे नाव मिळाले आणि त्या नावाने ती शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. परंतु आमच्या वाहनतळातली ही राज्याभिषेकापूर्वीची आहे, आणि त्याचा शेठजींना राणीपदाहूनही अधिक अभिमान आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या माळकरी मोटारीने आळंदीच्या वाटेवर, विश्रांतवाडीच्या पुढे, प्रथम आचके दिले, मग उसासे टाकले आणि शेवटी मौन धारण केले. आमचे मिस्त्री, ज्यांचे हात या मोटारीच्या इंजिनात इतकी वर्षे गेलेले आहेत की त्यांचा स्वतःचा संसार त्यामानाने अलीकडचा वाटतो, त्यांनी कार्ब्युरेटर उघडला, जेट तोंडाशी धरून फुंकला, तळहातावर पडलेला तांबूस भुगा शेठजींसमोर केला आणि निदान सांगितले:

"शेठ, टाकीतनं कचरा येतोय."

हे निदान ऐकून शेठजींचा चेहरा जसा झाला तसा तो गाळ्यावरच्या मालात कीड निघाल्यावरही होत नाही. मिस्त्रींनी पुढे जे स्पष्टीकरण केले त्यातला शास्त्रार्थ असा की, जुन्या मोटारीची टाकी पोलादी पत्र्याची असली तरी आतून तिला शिसे व कथील यांच्या मिश्रणाचा पातळ लेप दिलेला असतो, आपल्या पितळी पातेल्यांना कल्हई असते तसा. आणि कल्हई उडाली की पातेल्यातले ताक जसे कळकते तसे लेप उडाल्यावर टाकीतले पेट्रोल गंज खाऊ लागते. तो लेप उडतो कशाने? तर पाण्याने. आणि टाकीत पाणी येते कोठून? या प्रश्नाशी मिस्त्री अडखळले, कारण उत्तर देणे म्हणजे अन्नदात्याला दोष देणे होते. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागा नसते. टाकी रिकामी असेल तर उरलेल्या पोकळीत दमट हवा शिरते, रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतले बाष्प थेंबाथेंबाने आतल्या भिंतींवरून ओघळते, पेट्रोलहून जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते, आणि तेथे वर्षानुवर्षे कोणाच्या नकळत पत्रा खात राहते. आता मालाचा साठा कधी अंगावर ठेवू नये, भाव केव्हा पडेल सांगता येत नाही, लागेल तेवढेच घ्यावे, हे बाजारातले ब्रीद शेठजींनी पेट्रोलच्या बाबतीतही तीर्थरूपांच्या पश्चात कटाक्षाने पाळले होते. सुमारे 38 लिटरांच्या त्या टाकीत त्यांनी एका वेळी पाच लिटरांहून अधिक पेट्रोल ओतल्याचे कोणी पाहिलेले नाही. जी काटकसर गाळ्यावर बरकत होती तीच टाकीत गंज झाली. परंतु हे वाक्य मिस्त्री बोलले नाहीत, ते फक्त डोके खाजवीत राहिले.

त्यात अलीकडच्या काळाची आणखी एक भर. 2025 सालापर्यंत देशभरच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पोहोचले. इथेनॉल म्हणजे मद्यार्क; तो उसाच्या मळीपासून होतो, रसापासून होतो, आणि अलीकडे मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर होतो. हा मद्यार्क हवेतले पाणी स्वतःहून ओढून घेतो, जुन्या रबरी नळ्या, ज्या त्याच्या संगतीसाठी बनवलेल्याच नव्हत्या, त्यांना मऊ करून सोडतो, शिसे-कथलाच्या लेपालाही त्रास देतो, आणि टाकीच्या तळाशी अर्धशतक स्वस्थ बसलेला गाळ ढवळून मार्गस्थ करतो. मिस्त्रींनी हे सहज म्हणून सांगितले. पण वहिनी, म्हणजे शेठजींच्या सौभाग्यवती, ज्या इतका वेळ सज्जातून हे संभाषण ऐकत होत्या, त्यांच्या ध्यानात त्यातला खरा अनर्थ तत्क्षणी आला.

"म्हणजे एकादशीच्या दिवशी ही दारू पिऊन आळंदीला जात होती?"

या प्रश्नाला वाहनतळात उपस्थित असलेल्यांपैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. पाचवा हिस्सा मद्य. तोही ज्या मक्याची आडत शेठजी स्वतः घेतात कदाचित त्याच मक्याचे. आणि ज्या घरात चहाव्यतिरिक्त कोणत्याही उत्तेजक पेयाचा प्रवेश तीन पिढ्यांत झालेला नाही त्या घराच्या दाराशी. तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त अव्वल कारकून, ज्यांचे उभे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले आणि ज्यांना निवृत्तीनंतर कायद्याशिवाय अन्नाला चव लागत नाही, त्यांनी तेथल्या तेथे निवेदन केले की, 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्यप्राशनास परवाना लागतो. मोटारीला लागतो किंवा कसे, यावर ते आपला अभिप्राय सवडीने लेखी देणार होते.

जुन्या टाकीचा जीव वाचवण्याचे जे प्रयत्न प्रथम झाले त्यांचा इतिहास संक्षेपाने सांगतो, कारण त्यात गौरव करावा असे फारसे काही नाही. पत्र्याला तळाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र पडून पेट्रोल पाझरू लागले, तेव्हा मिस्त्रींनी त्यावर अंगाच्या साबणाची वडी घासली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि या एका गुणावर महाराष्ट्रातल्या आडवाटांवरून कित्येक मोटारी मुक्कामी पोहोचल्या आहेत. साबणानंतर एमसील आले. आणि मराठी मध्यमवर्गाची माठ, मोरी व मनोरथ यांतली प्रत्येक गळती ज्या एमसीलने थांबवता येते अशी श्रद्धा आहे, त्याने टाकीच्या बाबतीतही चार दिवस ती श्रद्धा टिकवून धरली. पाचव्या छिद्रानंतर मिस्त्रींनी टाकीवर बोटांनी टकटक केली, कान लावला आणि सांगितले की, आता ही टाकी पत्र्याची राहिलेली नसून एमसीलची झाली आहे.

कोणी म्हणाले, वेल्डिंग करून घ्या. हा सल्ला सर्वत्र सर्वांत आधी मिळतो, आणि तो देणारा मनुष्य सहसा त्या वेळी दोन मैलांवर असतो. पेट्रोलची टाकी भरलेली असताना जितकी भयंकर त्याहून ती 'रिकामी' असताना अधिक भयंकर, हे सामान्य बुद्धीला पटत नाही. परंतु पेट पेट्रोल घेत नसून त्याची वाफ घेते, ती शून्याखाली 40 अंशांनाही निघत असते, हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या कोनाकोपऱ्यांत ठाण मांडून बसते, आणि हवेशी तिचे प्रमाण शंभरात दीडपासून साडेसातपर्यंत जुळले की एक ठिणगी पुरते. म्हणून जाणते कारागीर टाकी महिनोन्महिने उघडी टाकतात, धुतात, पाण्याने काठोकाठ भरतात आणि मगच तिच्याजवळ बत्ती नेतात. नेणते कारागीर नेतात आणि मग त्यांच्याविषयी भूतकाळात बोलावे लागते. मिस्त्री पहिल्या वर्गातले असल्यामुळे त्यांनी नकार दिला. नवी टाकीच घालावयाची, आणि तीही घरी, वाहनतळात, आपल्या डोळ्यांसमोर, असा शेठजींनी निर्णय केला. कारण मोटार गॅरेजात नेणे म्हणजे तिला रात्री परक्या माणसांत ठेवणे होते.

निर्णयाची वार्ता पसरताच सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची सभा भरली. सभेत विरोध कोणीच केला नाही, सर्वांनी फक्त शंका विचारल्या, आणि ज्यांना सहकारी गृहरचना संस्थांचा अनुभव आहे त्यांस या दोहोंतला फरक ठाऊक आहे. अव्वल कारकून 1934 चा पेट्रोलियम कायदा घेऊन आले होते. त्यातली तरतूद अशी की, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल खाजगी माणसास परवान्यावाचून 30 लिटरांपर्यंत बाळगता येते, आणि तेही काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यात असेल तर प्रत्येक भांड्यात एक लिटर व धातूच्या भांड्यात पंचवीस लिटर याहून अधिक नसावे. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल या मोजमापातून सुटलेले आहे. म्हणजे, कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवून विशद केले, 38 लिटर पेट्रोल मोटारीत असेपर्यंत ते सभ्य नागरिक आहे. टाकीचे चार काबले सोडून ती फरशीवर ठेवताक्षणी तोच साठा बेकायदेशीर होतो. टाकीत प्रत्यक्षात चार-पाच लिटरही नाही असे शेठजींनी काकुळतीने सांगितले, परंतु कारकुनांनी प्रश्न मापाचा नसून तत्त्वाचा असल्याचे बजावले. अखेर एका भिंतीशी वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात, अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, काम चालू असेतो वाहनतळात कोणी विडी-सिगारेट ओढू नये आणि लिफ्टजवळच्या देवघराची समई त्या दिवसापुरती तहकूब ठेवावी, अशा चार अटींवर मंजुरी मिळाली व तिची नोंद इतिवृत्तात झाली.

टाकी मिळाली ती नाना पेठेत. या योगायोगाकडे शेठजींइतके टक लावून दुसऱ्या कोणी पाहिले नसेल. ज्या पेठेत एकेकाळी त्यांच्या वडिलांच्या दुकानासमोर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागत असे, ती पेठ आज गाड्यांच्या सुट्या भागांची बाजारपेठ झालेली आहे. जेथे धान्याची आडत होती तेथे क्लच प्लेट टांगलेल्या दिसतात. आधी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिस्त्रींनी दोन फेऱ्या घातल्या होत्या, आणि तेथे ज्या टाक्या दिसल्या त्यांची अवस्था पाहून आपली परत घरी जाऊन पाहण्याची इच्छा झाली होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचा शेवटचा आधारही उरला नव्हता, कारण 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. अशा वेळी नाना पेठेतल्या एका दुकानदाराने माळ्यावरून, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कधीही न वापरलेली जुन्या साठ्यातली टाकी काढली आणि एक किंमत सांगितली.

मी शेठजींबरोबर होतो, म्हणून हा प्रसंग प्रत्यक्ष साक्षीने सांगू शकतो. आयुष्यभर समोरच्याच्या मालाचे वय काढून भाव पाडणारे शेठजी सवयीने म्हणाले, "अहो, पण माल जुना आहे." त्यावर दुकानदार शांतपणे म्हणाला, "म्हणूनच तर." गुलटेकडीच्या सबंध धर्मशास्त्राला त्या दोन शब्दांनी तडा गेलेला शेठजींच्या मुद्रेवर मला स्वच्छ दिसला. येथे माल जितका शिळा तितका महाग होता; हंगाम 30-40 वर्षांपूर्वी संपलेला होता आणि नवे पीक कधी येणार नव्हते. त्यांनी घासाघीस केली नाही. पैसे मोजताना मात्र त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, ते सवयीने.

काम रविवारी काढले. रविवारी भुसार विभागास सुटी, आणि फळे-भाजीपाला विभागात मात्र आठवड्यातली सर्वांत मोठी आवक. त्यामुळे सकाळपासून आमच्या रस्त्यावर हिमाचलचा मटार, कर्नाटकचा कोबी आणि गुजरातची मिरची यांचे ट्रक एकमेकांना मागे सरण्याची विनंती भोंग्यांनी करीत होते, आणि आत वाहनतळात मिस्त्री बॅटरीची तार सोडीत होते. तो पहिला संस्कार. ठिणगीचे मूळच उपटलेले बरे. मग टाकीतले उरलेसुरले पेट्रोल नळीने पत्र्याच्या डब्यात उतरवले. ही नळी तोंडाने ओढण्याची जी परंपरा मिस्त्री समाजात आहे ती आता हातपंपाने मोडीत काढली असली तरी, मिस्त्रींनी पंप हाताळताना ओठ मिटून धरले होते.

शेठजींच्या गाळ्यावरचे दोन हमाल मायेने मदतीस आले होते. माथाडी कामगारांचा कायदा 1969 चा, मोटारही 1969 ची. या समवयस्कतेची जाणीव अव्वल कारकुनांनी सर्वांना करून दिली. क्विंटलभराची थप्पी हसत रचणारी ती माणसे या हलक्याफुलक्या टाकीपुढे मात्र संकोचून उभी होती. "उचलायचं काय, ते सांगा," असे ते वारंवार म्हणत, आणि उचलण्यासारखे काहीच नव्हते. कारण टाकी डिकीत आपल्या पट्ट्याला, पट्टा काबल्याला आणि काबला नटाला इतका चिकटून बसला होता की त्यांचे ऋणानुबंध रविवारी तुटतील असे वाटेना. पूर्वी अशा गंजलेल्या नटावर रॉकेल सोडून माणूस जेवायला जाई, आणि येईपर्यंत नट मवाळ होई. रेशनवरचे रॉकेल आता इतिहासजमा झालेले. म्हणून मिस्त्रींनी डब्यातल्या फवाऱ्याने तेल मारले, रिंग पाना बसवला, त्यावर हलके ठोके दिले, आणि नटाच्या मातापित्यांचा उद्धार मनातल्या मनात केला, कारण वहिनी सज्जात होत्या.

जेवण हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' मधून आणवले होते. डॉ. बाबा आढावांनी हमालांसाठी उभ्या केलेल्या त्या भोजनगृहाची भाकरी खाताना शेठजी, हमाल, मिस्त्री आणि अव्वल कारकून वाळूच्या बादल्यांजवळ एका ओळीत बसले होते. आणि बाजारात ज्यांच्यात हमाली व तोलाईच्या दरावरून दर काही वर्षांनी बोलणी फिसकटतात, त्या दोन पक्षांत त्या दिवशी एकाच गोष्टीवर मतभेद झाला, ठेचा अधिक तिखट की मिरची. ठेचा जिंकला. जेवून आल्यावर नट फिरला.

टाकी बाहेर आली, त्याबरोबर एक असा वास सुटला की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या बंद होऊ लागल्या. नवी टाकी बसवण्यापूर्वी वहिनी ताट घेऊन खाली उतरल्या. ताटात हळद, कुंकू, अक्षता, नारळ, निरांजन आणि उदबत्ती. मिस्त्री, जे आयुष्यात कोणा यजमानाच्या पूजेआड आले नव्हते, ते दोन्ही हात पसरून टाकीपुढे उभे राहिले. "वहिनी, पूजा करा, पण इस्तू नको." अग्नीवाचून पूजा कशी, हा वहिनींचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता, आणि अग्नीसह पूजा झाल्यास पुढची पूजा कोण करणार, हा मिस्त्रींचा प्रतिप्रश्नही शास्त्रशुद्धच होता. तोडगा असा निघाला की, हळदकुंकू टाकीस लागावे, नारळ फाटकाबाहेर फुटावा आणि निरांजन घरातच लावून ठेवून त्याच्या दिशेने टाकीचे तोंड करावे. तसे झाले.

मग काम भराभर आटोपले. लेपाला न जुमानणारे आजचे पेट्रोल लक्षात घेऊन मिस्त्रींनी रबरी नळ्या बदलल्या, मद्यार्क सोसणाऱ्या आणल्या, मध्ये एक पारदर्शक गाळणी बसवली, पेट्रोलचा काटा हलवणारा तरंगता गोळा जुन्याचाच ठेवला. कारण तो जिवंत होता आणि नव्यासाठी पुन्हा कोणत्या माळ्यावर चढावे लागेल याची शाश्वती नव्हती. शेठजींनी टाकी काठोकाठ भरण्याचा हुकूम केला. आयुष्यात प्रथमच साठा अंगावर घेताना त्यांच्या आवाजात किंचित कंप होता. चावी फिरवली, काही घडले नाही. या मोटारीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो, आणि मागच्या टाकीपासून पुढच्या कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी नळी कोरडी होती. म्हणून मिस्त्रींनी कार्ब्युरेटरच्या पेल्यात थोडे पेट्रोल ओतले, पुन्हा चावी फिरवली, आणि त्या यंत्राने घसा खाकरून आपले जुने, किंचित नाकातले, परिचित पुराण पुढे चालू केले. मटाराच्या ट्रकवाल्याने बाहेरून एक लांब भोंगा दिला. तो अभिनंदनाचा होता की रस्ता मागण्याचा, हे ठरले नाही.

कारकुनांची एक शंका अद्याप शिल्लक होती. 2021 च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले असून, नवी नोंदणी वीस हजार रुपये, अंकाआधी 'व्हीए' ही अक्षरे, आणि अट अशी की मोटार मूळ स्वरूपात असावी. नवी टाकी हे मूळ स्वरूप की नव्हे? नियमांत चासी, सांगाडा, इंजिन यांची नावे आहेत, टाकीचे नाही, असे त्यांनी स्वतःच शोधून काढले आणि किंचित निराश झाले. शेठजींना त्यात रस नव्हता. त्या नोंदणीची मोटार रोजच्या रस्त्यावर नेता येत नाही. आणि आळंदीला न जाणारी माळकरी मोटार त्यांना नको होती.

राहता राहिली जुनी टाकी. संध्याकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला, त्याने टाकी एका हाताने उचलून वजनाचा अंदाज सांगितला आणि शेठजी उठून उभे राहिले. अंदाज हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारणारा मनुष्य बऱ्याच वर्षांनी भेटला होता. त्यांनी हमालाला पाठवून गाळ्यावरचा वजनकाटा आणवला, तो सपाट फरशीवर ठेवला, शून्य दाखवतो की नाही हे भंगारवाल्याला वाचायला लावले, मग टाकी चढवली. भंगारवाल्याने आकडा पाहिला, टाकीत बोट घातले, तांबडे झालेले बोट बाहेर काढले आणि म्हणाला:

"शेठ, गंज लई आहे. किलोला शंभर ग्रॅम कडता धरावा लागंल."

दोघे हमाल एकदम दुसरीकडे पाहू लागले. वजनात घट धरून मालातून काही भाग मुकाट्याने वळता करण्याची ही जुनी रीत कागदोपत्री केव्हाच हद्दपार झालेली आहे, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. आणि ती कागदाबाहेर कोठे कोठे वस्तीस असते, हेही सर्वांना ठाऊक आहे. शेठजींचा चेहरा लाल झाला.

"कडता? कडता कायद्यानं बंद आहे!"

"तो यार्डात, शेठ. हा रस्ता आहे."

कारकून कलम शोधण्यासाठी वर धावले. शेठजींनी त्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरायला लावले, हमालांना टाकी पालथी धरून हलवायला सांगितले, आणि दोघा बलदंड पुरुषांना दिवसभरात प्रथमच उचलण्याजोगे काम मिळाले. गंज पडला, एमसीलचे तुकडे पडले, साबणाचा एक थर पडला. सारे गोळा करून काट्यावर ठेवले तेव्हा ते मागितलेल्या कडत्याच्या निम्मेही भरेना. हा हिशोब शेठजींनी पूजेच्या नारळाच्या पिशवीवर लिहून भंगारवाल्याला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, मान्य केला, पैसे मोजले, टाकी गाडीवर टाकली, आणि निघताना वर्तमानपत्राच्या पुडीकडे बोट करून म्हणाला, "ते पण द्या की, शेठ. लोखंडच हाय ते."

शेठजींनी पुडी उचलली, तळहातावर तोलली आणि विचारले, "काय भावानं?"